ऑटोइम्यून लिव्हर प्रोफाइल: पैसे कशासाठी द्यावेत, कशासाठी नाही

गोव्यातल्या मोठ्या खासगी लॅबांच्या दरपत्रकात ‘ऑटोइम्यून लिव्हर प्रोफाइल’ ही ओळ हल्ली असतेच. कुठे तिलाच ‘लिव्हर ब्लॉट’ म्हणतात. एसजीपीटी हे लिव्हरचे एन्झाइम काही केल्या खाली येत नाही, हेपटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही, अशा पेशंटच्या चिठ्ठीवर ही तपासणी हटकून येते. पैसे साध्या एलएफटीच्या, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्टच्या, कैक पट. रिपोर्ट हातात पडतो तेव्हा आठ-नऊ अनोळखी नावे आणि प्रत्येकापुढे ‘निगेटिव्ह’. घरचे सुटकेचा श्वास सोडतात, कधी कधी डॉक्टरही. आमचा आक्षेप नेमका या सुटकेला आहे.

निकाल आधीच देऊन टाकतो. पीबीसी या आजारासाठी या तपासणीला पाचपैकी पाच गुण. ऑटोइम्यून हेपटायटिससाठी दोन. पीएससीसाठी शून्य. एकाच नावाच्या पॅकेजला असे तीन वेगळे गुण का, ते समजले की पैसे कुठे घालायचे हे आपोआप कळते.

तीन आजारांची ओळख थोडक्यात. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरच्या पेशींवरच उलटते, म्हणून एसजीओटी-एसजीपीटी चढतात. पीबीसीत, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसमध्ये, लिव्हरच्या आतल्या अगदी बारीक पित्तनलिका झिजत जातात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, अंगाला खाज सुटते, थकवा जाता जात नाही, आणि पेशंट बहुतेक करून चाळिशी-पन्नाशीच्या बायका असतात. २०१५ पर्यंत या आजाराच्या नावात ‘सिरॉसिस’ होते. जुन्या फाइलींत ते दिसले तर घाबरू नका, बहुतेकांना निदानाच्या वेळी सिरॉसिस नसतोच. पीएससीत, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसमध्ये, मोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळतात आणि मधेमधे फुगतात. हा पुरुषांत जास्त, आणि अनेकांना सोबत अल्सरेटिव्ह कोलायटिस.

पट्टीवर काय असते

प्रोफाइल म्हणजे काही मिलिमीटर रुंदीची एक पट्टी. तिच्यावर एकेका प्रथिनाची आडवी रेघ आधीच ओढलेली असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. सर्वाधिक चालणाऱ्या पट्टीवर एएमए-एम२, एम२-३ई, एसपी१००, पीएमएल, जीपी२१०, एलकेएम-१, एलसी-१, एसएलए/एलपी आणि आरओ-५२ अशा नऊ रेघा असतात, शिवाय एक कंट्रोलची. पेशंटचे सीरम सुमारे शंभरपट पातळ करून पट्टी त्यात अर्धा तास हलवत ठेवतात. मग तीनदा धुणे, एन्झाइम जोडलेले दुसरे द्रावण अर्धा तास, पुन्हा धुणे, आणि शेवटी दहा मिनिटे रंगाचे द्रावण. ज्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी रक्तात आहे तिथे जांभळट निळी रेघ उमटते. गंमत अशी की रंग आणणारे ते एन्झाइम म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेजच, जे पीबीसीच्या पेशंटच्या रक्तात वाढलेले असते. पेशंटचे स्वतःचे मात्र धुण्यात निघून जाते, त्यामुळे घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो दुसरीकडे. धुणे घाईत उरकले तर सगळी पट्टीच जांभळी पडते आणि त्या धूसर पार्श्वभूमीवर फिकट रेघ ‘आहे की नाही’ याचा वाद सुरू होतो. ट्रेच्या एका कोपऱ्यात पट्टी कोरडी राहिली तर तेवढ्या भागातली रेघ उठत नाही. कंट्रोलची रेघ नीट उठली नसेल तर उरलेले काहीच वाचायचे नाही, पट्टी पुन्हा लावायची. चांगली लॅब पट्टी स्कॅन करून रेघेची तीव्रता आकड्यात मोजते आणि रिपोर्टात निगेटिव्ह, बॉर्डरलाइन, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असे लिहिते. नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून येणारा रिपोर्ट आम्ही अर्धवट मानतो. एसएलएची तीन प्लस रेघ आणि बॉर्डरलाइन रेघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पुढची बायोप्सी कधीकधी त्या एका शब्दावर ठरते.

आरओ-५२ ची रेघ एकटीच उठली तर तिच्यावरून लिव्हरचे काही ठरवू नये. ती जोग्रेनमध्ये उठते, ल्युपसमध्ये उठते, इतर बऱ्याच ठिकाणी उठते. डोळे आणि तोंड कोरडे पडते का एवढे विचारून घ्यावे.

पाच गुण कशाला दिले

पीबीसीचे निदान तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की होते: अल्कलाइन फॉस्फटेज टिकून वाढलेले, एएमए (अँटी-मायटोकॉन्ड्रियल अँटीबॉडी) किंवा पीबीसीच्या खास अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आणि बायोप्सीत पित्तनलिकांचा ठरावीक प्रकारचा नाश. म्हणजे पहिल्या दोन जुळल्या तर सुई टोचायची गरजच नाही. पीबीसीच्या शंभरातल्या नव्वद ते पंचाण्णव पेशंटांत एएमए सापडते आणि पट्टीवरची एम२ ची रेघ तेच पकडते. उरलेल्या थोड्यांसाठी एसपी१०० आणि जीपी२१० या दोन रेघा आहेत; एएमए नसतानाही त्या उठल्या आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असले तर निदान पक्के. जीपी२१० वाल्यांचा आजार जरा जोरात पुढे सरकतो, म्हणून त्यांच्यावर नजर जास्त. एका रक्तनमुन्यात बायोप्सी वाचत असेल तर पट्टीचे पैसे वसूल झाले असे समजा.

उलट बाजूही आहे. अल्कलाइन फॉस्फटेज अगदी नॉर्मल आणि एम२ पॉझिटिव्ह, असे रिपोर्ट हौशी ‘फुल बॉडी’ तपासण्यांतून निघतात. हा पीबीसी नव्हे. अशांपैकी पुढच्या पाच वर्षांत साधारण सहातल्या एकाला आजार होतो. वर्षातून एकदा एलएफटी करायची, औषध सुरू करायचे नाही.

दोन गुण का

ऑटोइम्यून हेपटायटिसच्या ज्या दोन अँटीबॉडी सगळ्यांत जास्त सापडतात, त्या एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धची) आणि एसएमए (स्मूथ मसल, म्हणजे गुळगुळीत स्नायूंविरुद्धची). दोन्ही या पट्टीवर नाहीत. नऊ रेघा निगेटिव्ह आल्या तरी नेहमीच्या प्रकारचा, म्हणजे टाइप १ चा, ऑटोइम्यून हेपटायटिस बिनधोक चालू असू शकतो. पट्टीवर आहेत त्या एलकेएम-१ आणि एलसी-१ टाइप २ च्या, जो मुख्यतः लहान मुलांत आणि किशोरांत दिसतो, आणि एसएलए/एलपी, जी जवळजवळ फक्त याच आजारात उठते पण पाचातल्या एखाद्या पेशंटमध्येच. उठली तर सोने, नाही उठली तर काहीच सिद्ध होत नाही.

गुणांचा हिशेब करून पाहा. २००८ पासून चालत आलेली सोपी गुणपद्धत अशी आहे: एएनए किंवा एसएमए १:४० ला, म्हणजे सीरम चाळीसपट पातळ करूनही पॉझिटिव्ह आल्यास, एक गुण, १:८० किंवा जास्त असल्यास, अथवा एलकेएम १:४०, अथवा एसएलए पॉझिटिव्ह असल्यास दोन, पण अँटीबॉडी कितीही सापडल्या तरी दोनच. आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य गट) नॉर्मल मर्यादेच्या वर असेल तर एक, मर्यादेच्या १.१ पटीपेक्षा जास्त असेल तर दोन. बायोप्सी सुसंगत असेल तर एक, ठसठशीत असेल तर दोन. हेपटायटिसचे व्हायरस नसतील तर दोन. एकूण सहा म्हणजे शक्यता मोठी, सात किंवा जास्त म्हणजे निदान पक्के.

आता पट्टीने द्यायचे ते सगळे दिले, एसएलए तीन प्लस आली. दोन गुण. व्हायरस नाहीत, दोन गुण. झाले चार. तिथेच अडलात. आणि जिची पट्टी कोरी आली तिचा एएनए १:८०, आयजीजी मर्यादेच्या सव्वापट, बायोप्सी ठसठशीत, व्हायरस नाही: आठपैकी आठ. नऊ रेघांचे काम इथे आयजीजी आणि बायोप्सीने केले, आणि आयजीजीची तपासणी पट्टीच्या मानाने बरीच स्वस्त पडते.

म्हणून पैसे भरण्याआधी काउंटरवर तीन गोष्टी विचारा. पॅकेजमध्ये उंदराच्या लिव्हर-किडनी-पोटाच्या तुकड्यांवरची इम्युनोफ्लोरोसन्स तपासणी (अँटीबॉडी चिकटली तिथे चमक दाखवणारी) आहे का? एएनए हेप-२ पेशींवर (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर) करून टायटर (तो १:४०, १:८० चा आकडा) आणि पॅटर्न दोन्ही देता का, की नुसता मशीनचा एक आकडा? एकूण आयजीजी आहे का? बऱ्याच कलेक्शन सेंटरांतून नमुना राज्याबाहेरच्या मुख्य लॅबला जातो आणि समोरच्या मुलीला यातले माहीत असतेच असे नाही. तिला टेस्ट कोड विचारा आणि मुख्य लॅबच्या टेस्ट डिरेक्टरीत पद्धत वाचा. मोठ्या माणसांत १:४० पासून मोजतात. लहान मुलांत मात्र एएनए-एसएमए १:२० आणि एलकेएम १:१० सुद्धा अर्थपूर्ण असते, त्यामुळे १:८० पासून सुरू करणाऱ्या लॅबचा ‘निगेटिव्ह’ मुलांच्या बाबतीत कुचकामी.

उंदराच्या तुकड्यांवरची तपासणी जुनी, हाताची, बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. तरी ती सोडू नये, कारण एकाच काचेवर तीन अवयव शेजारी शेजारी असतात आणि अँटीबॉडी कुठे चिकटली यावरून तिची जात कळते. एसएमए असेल तर पोटाच्या भिंतीतले स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती चमकतात. किडनीत नुसत्या रक्तवाहिन्या चमकल्या तर त्याला व्ही पॅटर्न म्हणतात. तो फॅटी लिव्हरमध्ये, व्हायरल आजारात, कशातही दिसतो. ग्लोमेरुलसही (किडनीतले रक्त गाळणारे पुंजके) चमकले तर व्हीजी, आणि नलिकांभोवतीही कड आली तर व्हीजीटी. ऑटोइम्यून हेपटायटिसकडे बोट दाखवतात ते हे शेवटचे दोन. रिपोर्टात ‘एसएमए १:८० पॉझिटिव्ह’ एवढेच असेल तर लॅबला फोन करून पॅटर्न विचारून घ्यावा. द्यायला हवा, तो त्यांनी पाहिलेला असतो.

आणखी एक ठरलेली चूक. एएमए आणि एलकेएम दोन्ही किडनीच्या नलिका उजळवतात, आणि नवशिक्या डोळा एकाला दुसरे समजतो. ओळखायची खूण पोटाच्या तुकड्यात आहे: एएमए असेल तर पोटाच्या अस्तरातल्या पॅरायटल पेशी लखलखतात, एलकेएम असेल तर त्या काळ्याच राहतात. किडनीत एएमए दूरच्या, बारीक नलिकांवर जास्त ठळक, एलकेएम जवळच्या नलिकांवर. आणि एलकेएममध्ये लिव्हरच्या पेशी सरसकट उजळतात. ही चूक साधी नाही, कारण एका बाजूला पीबीसीचे औषध उर्सोडिऑल आहे आणि दुसऱ्या बाजूला ऑटोइम्यून हेपटायटिसचे स्टिरॉइड. इथे पट्टी खरोखर उपयोगी पडते: काचेवर शंका आली की पट्टीवर एम२ ची रेघ की एलकेएमची, ते लगेच मिटते. काच आणि पट्टी या जोडीला आम्ही चार गुण देऊ. एकट्या पट्टीला दोनच.

एलकेएम-१ उठली तरी हेपटायटिस सी तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही. सी च्या काही पेशंटांत ती उठते.

पट्टीच्या आधी

पट्टीवर पैसे घालण्याआधी हातातली एलएफटीच नीट वाचली तर अर्धे काम होते. एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा करा, उरले ते ग्लोब्युलिन. ते साडेतीन ग्रॅमच्या वर असेल तर आयजीजी करून घ्यायला हवे. मोठ्या माणसांत आयजीजी साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम, पण तुमच्या लॅबची मर्यादा धरा. ग्लोब्युलिन सिरॉसिसमध्ये कारण काहीही असले तरी वाढते, जुन्या टीबीतही वाढते. तो पुरावा नाही, सूचना आहे. उलट आजार अचानक भडकला असेल तर आयजीजी नॉर्मल आणि अँटीबॉडी गायब असेही असू शकते. तेव्हा बायोप्सीला पर्याय नाही.

अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले दिसले की जीजीटी हे दुसरे एन्झाइम जोडून घ्या. फॉस्फटेज हाडांतूनही येते, वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणात तर येतेच. जीजीटी नॉर्मल असेल तर लिव्हरकडे बघायचे कारण बहुधा नाही. नुसते जीजीटी मात्र दारूनेही चढते.

आता गोव्यातला कळीचा प्रश्न. पेशंट पुरुष आहे, संध्याकाळी फेणी घेतो, मार्च-एप्रिलमध्ये उर्राकही. एवढे कळले की पुढची चौकशी बंद पडते, ‘दारू सोडा, तीन महिन्यांनी या’. दारूमुळे झालेल्या हेपटायटिसमध्ये एसजीओटी सहसा एसजीपीटीच्या दुप्पट असते आणि दोन्ही आकडे चारशेच्या आतच राहतात. आकडे आठशे-हजार असतील, एसजीपीटी वरचढ असेल, तर फेणीवर खापर फोडून चालणार नाही. दारू घेणाऱ्यालाही ऑटोइम्यून आजार होतो.

पावसाळ्यात आकडे एकदम हजारोंवर गेले तर आधी हेपटायटिस ए आणि ई चे आयजीएम, आणि ताप, अंगदुखी, शेतात वा चिखलात काम असेल तर लेप्टोस्पायरोसिस. हेपटायटिस ई मध्ये एएनए तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो. तो पाहून स्टिरॉइड सुरू करणे म्हणजे आगीत तेल.

औषधांची यादी करताना ‘काही घेता का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येते, कारण गुळवेलीचा काढा किंवा काविळीचे गावठी औषध कोणी औषधात धरत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेले पेशंट नोंदवले होते. त्यांच्यापैकी अनेकांत चित्र ऑटोइम्यून हेपटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, पण काढा घेणाऱ्या पेशंटचे आकडे चढले तर तो बंद करून पाहण्यात कोणाचे काही बिघडत नाही. लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन्‌महिने दिलेले नायट्रोफ्युरँटॉइन आणि मुरमांसाठीचे मिनोसायक्लिन हेसुद्धा हुबेहूब असेच चित्र उभे करतात, अँटीबॉडीसकट. म्हणून गेल्या सहा महिन्यांतली प्रत्येक गोळी, काढा, पावडर, जिमची प्रोटीन, सगळे डबे पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावे.

चाळिशीच्या आतल्या पेशंटमध्ये सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातले तांबे वाहणारे प्रथिन) आणि डोळ्याच्या डॉक्टरकडून स्लिट लॅम्प तपासणी, कारण अंगात तांबे साठवणारा विल्सनचा आजार ऑटोइम्यूनचे सोंग छान घेतो. आणि वजन जास्त असलेल्या, फॅटी लिव्हरच्या माणसाचा एएनए १:४० किंवा १:८० आला तर दचकू नका. अशांत तो बऱ्याचदा नुसताच असतो.

नमुना देताना

अँटीबॉडीसाठी उपाशी राहायची गरज नाही. पिवळ्या झाकणाच्या नळीत पाच मिली रक्त पुरते. नळी गोठायला अर्धा तास उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज. काणकोण, सांगे, वाळपईकडून घरी येऊन नमुना घेतात तेव्हा नेमके इथे बिघडते: नळी सेंट्रिफ्यूज न करताच दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून येते. अँटीबॉडीला त्याने फारसे काही होत नाही, सीरम वेगळे करून दोन ते आठ अंशांत ठेवले तर त्या आठवडाभरही टिकतात. पण त्याच नळीतून एलएफटी करणार असतील तर रक्तपेशी फुटून एसजीओटी खोटी चढते आणि उजेडाने बिलिरुबिन खोटे उतरते. रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ असे बारीक अक्षरात असेल तर एलएफटी पुन्हा द्या, पट्टी पुन्हा द्यायची गरज नाही. चवथीच्या सुट्टीच्या तोंडावर नमुना देऊ नये, कुरियर अडकले की तो पडून राहतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक सुईच्या आधीची आहे. खाज किंवा कावीळ पाहून कोणी आठवडाभर प्रेडनिसोलोन दिलेले असते, तपासण्या त्यानंतर होतात. स्टिरॉइडने आयजीजी उतरते, आकडे सुधारतात, बायोप्सीतली सूज विरते, आणि मग निदान ना होय ना नाही. उर्सोडिऑलचेही तेच: दोन महिने घेतल्यावर अल्कलाइन फॉस्फटेज खाली आलेले असते. पेशंट अगदी गंभीर नसेल तर आधी रक्त, बायोप्सी, मग गोळी. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा खासगी गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टकडे जाताना पहिल्या गोळीच्या आधीचा एलएफटीचा कागद सोबत असायलाच हवा, मग तो कितीही चुरगळलेला असो.

बायोप्सी आणि एमआरसीपी

पट्टीच्या पुढची ही दोन दुकाने. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये बायोप्सी टाळायची नाही. सोनोग्राफीखाली, उजव्या बरगड्यांमधून, जागा बधिर करून, श्वास रोखायला सांगून १६ किंवा १८ गेजच्या सुईने तुकडा घेतात. तुकडा दोन सेंटिमीटरचा हवा आणि त्यात अकरा तरी पोर्टल ट्रॅक्ट (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) दिसायला हवेत. रिपोर्टात ही संख्या लिहिलेली नसेल तर विचारा. एक सेंटिमीटरच्या चुरगळलेल्या तुकड्यावर लिहिलेले ‘नॉन-स्पेसिफिक हेपटायटिस’ म्हणजे तुकडा कमी पडला, आजार नाही असे नव्हे. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आधी पाहतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल स्वतःहून सांगावे. पोटात पाणी असेल किंवा रक्त गोठत नसेल तर मानेच्या शिरेतून केलेली बायोप्सी मागावी. नंतर काही तास झोपून राहायचे. उजव्या खांद्यात दुखणे नेहमीचे, चक्कर किंवा वाढती पोटदुखी नेहमीची नाही. परतताना स्वतः दुचाकी चालवायची नाही.

पॅथॉलॉजिस्टला काचेबरोबर माहितीही लागते. ‘लिव्हर बायोप्सी, ॲडव्हाइस प्लीज’ एवढ्या चिठ्ठीवर कोणीही धड सांगू शकत नाही. एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, आयजीजी, अँटीबॉडी, चालू औषधे पाच ओळींत लिहून द्या. पोर्टल ट्रॅक्टच्या कडेला चावे घेतल्यासारखी सूज आणि प्लाझ्मा पेशींचे पुंजके असे लिहून आले तर ऑटोइम्यून. पित्तनलिका कुरतडलेल्या आणि भोवती ग्रॅन्युलोमा असतील तर पीबीसी. नलिकेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तंतू असतील तर पीएससी, पण तो तुकड्यात क्वचितच सापडतो. मेणाचा ब्लॉक तुमचा आहे. मुंबईला दुसरे मत घ्यायचे झाले तर रिपोर्टापेक्षा ब्लॉक कामाला येतो.

पीएससीला शून्य गुण दिले, कारण त्याची भरवशाची अँटीबॉडीच नाही. पी-एएनसीए नावाची अँटीबॉडी बऱ्याच जणांत उठते, पण ती कोलायटिसमध्येही उठते; तिच्यावर निदान होत नाही. इथे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. चार ते सहा तास पोट रिकामे, दुधाचा चहासुद्धा नाही, कारण पोटातले पाणी चित्रात पित्ताइतकेच पांढरे दिसते. काही सेंटर आधी अननसाचा रस देतात. त्यातल्या मँगनीजमुळे पोट आणि ड्युओडेनम चित्रात काळे पडतात आणि नलिका मोकळ्या दिसतात. नलिका बघायला कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही. श्वास हलला तर चित्र फाटते आणि नसलेले आवळलेपण दिसू लागते. उजवी हेपॅटिक धमनी सामाईक नलिकेवरून जाते तिथेही खोटी खाच दिसते. म्हणून नुसती फिल्म घेऊन बाहेर पडू नका, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ चित्रे) असलेली सीडी किंवा लिंक मागून घ्या. निदानासाठी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत रंग सोडणे, हा जुना मार्ग. त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका आहे, तो नळी उघडायची असेल तेव्हाच.

पीएससी दिसला की आयजीजी४ (आयजीजीचा एक उपप्रकार) करायचे. १३५ मिलिग्रॅमच्या वर, विशेषतः चौपट, असेल तर तो आयजीजी४ चा आजार असू शकतो आणि त्याला स्टिरॉइड लागू पडते. आणि पोटाची तक्रार नसली तरी संपूर्ण कोलोनोस्कोपी, जागोजागीच्या तुकड्यांसह. लहान मुलाला ऑटोइम्यून हेपटायटिस निघाला तर एमआरसीपी त्यालाही करावी, कारण मुलांत दोन्ही आजार एकत्र असण्याचे प्रमाण मोठे आहे.

पुन्हा करावी का?

काही लॅब उपचार सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी हेच प्रोफाइल ‘फॉलो-अप’ म्हणून सुचवतात. पैसे वाया. एम२ ची रेघ उर्सोडिऑलने पुसली जात नाही आणि ती फिकट झाली म्हणजे आजार बरा झाला असेही नाही. ऑटोइम्यून हेपटायटिसमध्ये उपचाराचा निकाल एसजीपीटी आणि आयजीजी सांगतात, दोन्ही नॉर्मल व्हायला हवेत. पीबीसीत उर्सोडिऑल रोज दर किलोला १३ ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला साधारण तीनशेच्या तीन गोळ्या, आणि वर्षभराने अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन. पुष्कळ पेशंट तीनशेच्या दोनच गोळ्यांवर वर्षानुवर्षे असतात आणि आकडे का उतरत नाहीत म्हणून पुन्हा पट्टी लावतात. त्यांनी आधी वजनकाट्यावर उभे राहावे. पट्टी दुसऱ्यांदा लावायची ती दोनच प्रसंगी: पहिली स्टिरॉइड चालू असताना झाली होती किंवा आजाराचे रूपच बदलले, म्हणजे हेपटायटिसच्या पेशंटचे अल्कलाइन फॉस्फटेज चढायला लागले किंवा पीबीसीच्या पेशंटची एसजीपीटी पाचपट झाली, तेव्हा.